भाचीचा शब्द

"बापावर गेली पोरगी. थकतच नाई."

मांडवामागे वडे तळत बसलेल्या बायांपैकी एक बोलली. दुसरीने झारा कढईच्या काठावर आपटला. "मी त चार दिवसांपासून पाहून राह्यली. रडणं नाई, पडणं नाई. सारं आंगण एकटीनं सारवलं तिनं."

"वाघीण हाये वाघीण," तिसरी म्हणाली. "नाईत आमच्या पोरी. डोकं दुखलं त दोन दिवस उठत नाई."

त्या हसल्या, आणि तेरवीच्या घरात हसलो हे लक्षात येऊन घाईने कढईकडे वळल्या.

मी त्यांच्या पाठीमागे ताटं पुसत उभी होते. मामा, आजची सकाळ तुझ्या तेरवीची, तेराव्या दिवसाची होती आणि बाया तुझ्या काजलबद्दल बोलत होत्या. माझ्या हातातलं फडकं थांबलं. तेवढ्यात मामीने मला पाहिलं आणि येऊन हातातलं ताट ओढून घेतलं. "ठेव बाई ते. भाचीकडून काम करून घेतलं त मले पाप लागंल."

मी ठेवलं. तुझ्या घरात मला कधी कोणी काम करू दिलं नाही. मी फक्त बसायचं, पहिलं जेवायचं आणि पाया पडू द्यायचं.

आपल्याकडे मामा भाचीच्या पाया पडतो. नागपूरच्या हॉस्टेलमध्ये माझ्या खोलीत एक पुण्याची मुलगी होती. तिला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "उलटं ना?" मला तिला समजावता आलं नाही. मलाच कुठे पटत होतं? मी दुसरीत-तिसरीत असेन. तू भद्रावतीच्या बसस्टँडवर उतरायचास, माशांची टोपली खाली ठेवायचास आणि सगळ्यांसमोर वाकून माझ्या शाळेच्या बुटांना हात लावायचास. मी दोन पावलं मागे सरकायचे. "सरकते काऊन माय? देवानं जागचं हालू नये." फॅक्टरीच्या कॉलनीतल्या मुली बघत असायच्या. माझे कान तापायचे.

"तुही जीभ त्या इंग्रजीच्या शाळेनं जमा करून घेतली का?" तू विचारायचास. शाळेत मी इंग्रजीत गप्प असायचे, घरी मराठीत. तुझ्याशी मात्र बोलायचे. तू उत्तराची वाट बघायचास म्हणून. बाकीची मोठी माणसं प्रश्न विचारून दुसरीकडे बघायला लागतात.

पण हे तुझ्या उन्हाळ्यातलं. माझे दोन मामा होते, हे मला फार लवकर कळलं होतं. एक उन्हाळ्यातला आणि एक पावसाळ्यातला.

उन्हाळ्यात तलावाचं पाणी उतरलं की मासेमारांच्या सोसायटीची मोठी पकड सुरू व्हायची. बाकीचे मासेमार पाळी लावून काम करायचे. तू सगळ्यांच्या पाळ्या स्वतःच करायचास. आठ-आठ दिवस झोपायचा नाहीस. "तलावाले झोप नाई, मले कायची?" डोळे लाल, आवाज बसलेला, पण हसणं चालूच. गावाला असाच माणूस हवा असायचा. पकडीच्या दिवसांत जो झोपत नाही तो मोठा. तेव्हा तुझ्या न झोपण्याला कोणी काही म्हटलं नाही, उलट पोरांना तुझं उदाहरण दिलं.

एका वर्षी पाऊस तोंडावर आला असताना तू मुलचेऱ्याकडच्या बंगाली माणसाकडून मासोळीचं बीज आणायला गेलास. आणायचं एका तलावापुरतं होतं, तू तीन तलावांचं घेऊन आलास. उरलेलं बीज देवळामागच्या बोडीत, लहान तळ्यात सोडलंस, आणि तरी उरलं ते शाळेच्या पाण्याच्या टाक्यात. पुढे महिनाभर पोरं मधल्या सुट्टीत डब्याच्या झाकणाने मासे पकडत होती. मास्तर भांडायला आले तर त्यांनाच तू माशांची शेती समजावलीस, तासभर, उभ्याने. ते चहा पिऊन गेले. आई अजून ही गोष्ट सांगते आणि पदराने डोळे पुसेपर्यंत हसते. हसायचं थांबल्यावर आम्ही दोघी एकमेकींकडे बघत नाही.

मग पाऊस लागायचा, मासेमारी बंद व्हायची आणि तू भिंतीकडे तोंड करून पडायचास. दोन-दोन महिने. सारा गाव धानाच्या रोवणीला गेलेला आणि तू खाटेवर. मी आले तरी उठायचा नाहीस. पाया पडायचा नाहीस. माझ्याकडे बघायचास, आणि बघणंही तुला जड होतंय हे मला दिसायचं. "आंग दगडाचं झालं माय," एकदा एवढंच बोललास.

लोक म्हणायचे, काम बंद हाये म्हणून पडला. आजोबाही पावसाळ्यात असेच पडून राहायचे म्हणे. तुझं नाक आजोबांचं, तसं हेही आजोबांचं, असं घरात ठरून गेलं होतं. ऋतू होता, काम होतं, घराणं होतं. प्रत्येकाचं कारण खरं होतं. म्हणून आजार कोणाला दिसला नाही.

मामी तुला एकदा जंगलाकडच्या पुजाऱ्याकडे घेऊन गेली होती. मी हे ऐकलं तेव्हा तोंड वाकडं केलं होतं. पुजाऱ्याने तिला विचारलं, "हा झोपते किती?" मामी म्हणाली, "उन्हाळ्यात झोपतच नाई, आता उठतच नाई." त्याने अंगारा दिला आणि म्हणाला, "डॉक्टरले बी दाखव. उन्हाळ्याचा आन पावसाळ्याचा, दोघाईले घेऊन जा."

मामा, मी एकालाच घेऊन गेले.

दोन वर्षांपूर्वीचा पावसाळा. तू तीन आठवडे नीट जेवला नव्हतास. मामीचा आईला फोन, आईचं माझ्याकडे बघणं. "तुझ्या शब्दाबाहेर नाही तो. आणि तुला डॉक्टरांशी बोलता येईल." आठवडाभराने मी तुला फोनवर एवढंच म्हटलं, "मामा, चल." दुसऱ्या दिवशी तू न धुतलेल्या शर्टात, मामीबरोबर, चंद्रपूरला बसमधून उतरलास. त्या दिवशीही वाकलास. हळूहळू, गुडघ्यावर हात ठेवून. मी मागे सरकले नाही. तेवढं एक बरं केलं.

डॉक्टर चांगले होते. घाई नव्हती त्यांना. मामी रक्ततपासणीच्या रांगेत होती, आत आपण दोघंच. त्यांनी दारूचं विचारलं, डोक्याला मार लागला होता का, फिट येते का, थायरॉईड, घरात अजून कोणाला, जगणं नको वाटतं का. तू मान हलवायचास आणि मी त्याचं वाक्य करायचे. मग त्यांनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "याच्या अगदी उलट कधी झालंय का? बरेच दिवस झोप कमी, तरी थकवा नाही? खूप बोलणं, खूप बेत, एरवीपेक्षा जास्तच उत्साह?"

तू मान वर करून माझ्याकडे पाहिलंस.

हा प्रश्न कशासाठी असतो हे मला माहीत होतं. आधीचा पूर्ण आठवडा मी मोबाईलवर हेच वाचत होते. हो म्हटलं तर आजाराचं नाव बदलतं, औषध बदलतं, हे वाचलं होतं. नुसतं उदासीचं औषध अशा माणसाला दुसऱ्या टोकाला ढकलू शकतं, तेही वाचलं होतं.

मी म्हटलं, "नाही. ते मुळातच आनंदी स्वभावाचे आहेत."

डॉक्टरांनी लिहून घेतलं. "असं काही जाणवलं तर लगेच या," असंही म्हणाले. त्यांची चूक नव्हती. त्यांनी बरोबर प्रश्न बरोबर ठिकाणी विचारला होता.

मी असं का बोलले, याची बरीच कारणं मी दोन वर्षं स्वतःला देत आले. नक्की माहीत नव्हतं म्हणून, मामी नव्हती म्हणून, शिक्का बसेल म्हणून. ती सगळी बाजूला ठेवते. खाटेवरचा मामा मी डॉक्टरांच्या हवाली करू शकत होते. बसस्टँडवर वाकणारा, उत्तराची वाट बघणारा मामा मला द्यायचा नव्हता. मला वाटलं, ते दिवस आजार ठरले तर त्या दिवसांतलं माझ्यावरचं प्रेमही आजारातच जमा होईल. मग माझ्याकडे काय उरलं असतं?

औषध लागू पडलं. फार लागू पडलं. दसऱ्याच्या आसपास तुझा फोन आला. "भाची, उठलो मी!" आईने देवळात नारळ फोडला. तू एका आठवड्यात तीनदा भद्रावतीला आलास. कॉलनीच्या मागच्या खड्ड्यात मासे पाळायचे म्हणून बाबांशी वाद घातलास, गेटवरच्या शिपायाला नकाशा काढून दाखवलास. बाबा म्हणाले, "डॉक्टर हुशार निघाला." मी तुझ्या बोलण्याचा वेग ऐकत होते. मला कळत होतं, आणि तरी मला आनंद होत होता. त्या आठवड्यात आपण किती बोललो! ते बोलणं मला अजून आठवतं, शब्दन् शब्द.

नंतर तू जो पडलास तो आधीच्यापेक्षा खोल पडलास. गोळ्या तू स्वतःच बंद केल्यास. पुन्हा डॉक्टरकडे जायचं नाव काढलं की पाठ फिरवायचास, आणि मी जोर केला नाही. जोर केला असता तर खोटंही बाहेर आलं असतं.

आपलं भांडण या संक्रांतीचं. तलावाच्या पाळीवर, बांधावर तू जाळं विणत बसला होतास. हात सावकाश चालत होते, पण चालत होते. मी शेजारी बसले. तू जाळ्यावरची नजर न उचलता म्हणालास, "त्या दिवशी डॉक्टरले नाई काऊन म्हटलं तुनं?"

मला वाटत होतं, तुला तेव्हा काही समजलंच नव्हतं.

"तू का नाही सांगितलंस मग?" मी चिडले. घाबरले की मी चिडते. "आजार तुझा, तोंड तुझं."

"भाचीचा शब्द मामानं मोडावा का? डॉक्टरसमोर?"

"ती काय जेवणाची पंगत होती का मामा?"

"माह्यासाठी होती."

"आणि मी वाटेल ते सांगितलं असतं तर?"

"त तेच खरं झालं असतं." तू थट्टा करत नव्हतास. एक गाठ मारलीस, ओढून बघितलीस. "मले ते दिवस चांगले वाटते माय. तुले बी वाटते, माहीत हाये मले. पण त्या दिवसात मले थांबता येत नाई, आन मले कोणी थांबवत नाई. सारे टाळ्या वाजवते. मले वाटे, तू थांबवशील."

मी काय बोलायला हवं होतं ते मला आज माहीत आहे. तेव्हा मी म्हटलं, "आपण पुन्हा जाऊ डॉक्टरांकडे. सगळं सांगू."

"उन्हाळ्याची पकड होऊ दे."

"बरं," मी म्हणाले.

नाही म्हणायला हवं होतं तिथे बरं म्हटलं. हो म्हणायला हवं होतं तिथे नाही म्हटलं होतं. दोन शब्द, मामा. एरवी बोलत नाही म्हणून टोमणे खाणाऱ्या मुलीचे दोन शब्द.

पकडीचा आठवा दिवस होता. जाळं पाण्यातल्या खुंटाला अडकलं. बाकीचे म्हणाले, ऊन उतरू दे. तू म्हणालास, "माशाले ऊन लागते का?" आणि डोंग्यावरून, त्या छोट्या होडीतून उडी घेतलीस. लहानपणापासून त्या पाण्यात होतास तू. वर आला नाहीस. शवविच्छेदनाच्या डॉक्टरांनी बुडून मृत्यू लिहिलं, तेही खरंच आहे. तुझं शरीर आठ दिवसांचं थकलेलं होतं. ते तुला कळत नव्हतं, आणि ज्यांना कळायला हवं होतं ते काठावर टाळ्या वाजवत होते. मी तर काठावरही नव्हते. चंद्रपूरला कॉलेजच्या ग्रंथालयात पुस्तकांना नंबर लावत होते. सकाळी तुझे सहा मिस्ड कॉल आले होते. दुपारी करू, असं ठरवलं होतं.

तू गेल्यावर मी फार रडले नाही. मला लोकांसमोर रडता येत नाही. पण एक गोष्ट सांगायची राहिली, ती इथे सांगते. तू मला बोलायला शिकवलंस, हे तुझ्या आजाराने केलेलं काम नव्हतं. खाटेवर पडलेला असतानाही एकदा तू माझा हात धरून ठेवला होतास, पूर्ण दुपारभर, एक शब्द न बोलता. पावसाळ्यातला मामाही माझाच होता. प्रेम दोघांचं होतं. हे मला त्या डॉक्टरांच्या खोलीत कळलं असतं तर मी हो म्हणू शकले असते.

आता काजल.

पहिले आठ दिवस ती रडली, पडून राहिली, जेवली नाही. वीस वर्षांच्या मुलीचा बाप गेल्यावर व्हावं तेच झालं. नवव्या दिवशी सकाळी ती उठली आणि अंगण सारवायला घेतलं. मग भिंती. मग तुझं फाटलेलं जाळं काढून विणत बसली. बोलायला लागली. बायांची सोसायटी काढणार, डोंगा ती चालवणार, बी.ए. सोडून मत्स्यशाळेत जाणार, नाही, दोन्ही करणार, ताई, तू इंग्रजीत अर्ज लिहून दे. एक वाक्य संपायच्या आत दुसरं. बोलताना हसत होती. ते हसणं मला ओळखीचं होतं.

आम्ही एकाच खोलीत झोपतो. तिची गोधडी कोपऱ्यात घडी घालून ठेवलेली असते. दहाव्या दिवशी मी माझी केसांची क्लिप त्या घडीवर ठेवली. हे चोरून बघणं झालं, मला माहीत आहे. मला विचारण्यापेक्षा बघणं सोपं जातं. अकराव्या दिवशी क्लिप तिथेच होती. बाराव्या दिवशीही. आज तेरवीच्या सकाळी मी पुन्हा पाहिलं. क्लिप जागची हलली नव्हती.

हे दुःखही असेल. दुःखातही माणसं झोपत नाहीत. तुझ्यासारखंच हे आहे की नाही, हे मला ठरवता येत नाही आणि ठरवायचंही नाही. त्यासाठी शिकलेली माणसं आहेत. पण त्यांना कोणीतरी क्लिपबद्दल सांगायला तर हवं. आणि गावात सगळे म्हणत होते, वाघीण हाये.

कोणाला सांगावं ते मी सकाळभर शोधत फिरले. मामीला एकटं गाठायचं ठरवलं, पण मामी एकटी नव्हती. आईला सांगावं तर आई तुझ्या फोटोला हार घालत होती. कार्य होऊन जाऊ दे, मी स्वतःला म्हटलं. उद्या सांगू. आणि तेच वाक्य मला तुझ्या आवाजात ऐकू आलं. उन्हाळ्याची पकड होऊ दे.

मग मला पाटावर बसवलं. तुझ्या फोटोच्या उजव्या हाताला. समोर ताट वाढलं, वरण-भात, वांग्याची भाजी, वडे. मांडवात सारा गाव बसला होता, कोणी ताटाला हात लावला नव्हता. भाचीने पहिला घास घेतल्याशिवाय तेरवीची पंगत सुरू होत नाही. मामी वाकली, माझ्या पायांवर डोकं ठेवलं. मग काजल वाकली. तिचे हात गरम होते आणि माझ्या पावलांवरही ते स्थिर नव्हते, बोटं ताल धरल्यासारखी हलत होती. वर बघून ती हसली. "ताई, जेव लवकर. मले जाळं पुरं कराचं हाये."

"घे बाई घास," सोसायटीचे म्हातारे अध्यक्ष पंगतीतून म्हणाले. "लोक थांबून हायेत."

तीनशे डोळे माझ्याकडे होते, मामा. माझे कान बसस्टँडवर तापायचे तसे तापले. मी फोटोकडे पाहिलं नाही. हात ताटापासून मागे घेतला, मांडीवर ठेवला आणि मला जमला तेवढ्या मोठ्या आवाजात बोलले.

"मामी, मी घास घेणार नाही. आधी माझं ऐका. मामा उन्हाळ्यात झोपत नव्हता, तेव्हाही तो आजारीच होता. मला माहीत होतं. डॉक्टरांनी मला विचारलं होतं आणि मी नाही म्हटलं. मी खोटं बोलले. काजल तीन रात्री झोपलेली नाही. तिला वाघीण म्हणून सोडून देऊ नका. दुपारच्या बसने आपण तिला चंद्रपूरला नेऊ, आणि या वेळी डॉक्टर जे विचारतील ते मी सगळं खरं सांगीन. हा भाचीचा शब्द आहे. तुम्ही हो म्हणा, मग मी जेवते."